ब्रेकताई गोल्फ खेळते

ब्रेकताईचं खरं नाव तिच्या लायसन्सवर आहे आणि ते तिथेच सुखाने राहतं. बाकी सगळ्या जगासाठी ती ब्रेकताई. मोटार शिकवण्याच्या धंद्यात तिची अर्धी हयात गेली, आणि तीही शेजारच्या सीटवर बसून. शिकवणीच्या गाडीत त्या सीटच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. शिकणाऱ्याचा पाय चुकला की ताईचा पाय बरोबर पडतो, आणि तो इतका अलगद पडतो की शिकणाऱ्याला वाटावं, गाडी आपणच थांबवली. "बघितलंत ताई, कशी थांबवली," असं तो कपाळावरचा घाम पुसत म्हणतो. ताई म्हणते, "छान. पुढच्या वेळी जरा आधी."

एवढ्या भांडवलावर तिने वकील, नर्सबाई, भित्रे प्राध्यापक आणि भीती कशाशी खातात हे ठाऊक नसलेली कॉलेजातली पोरं, सगळ्यांना मार्गाला लावलं आहे. घाबरलेला माणूस गाडी शिकत नाही आणि खजील झालेला तर मुळीच शिकत नाही, हे तिचं शास्त्र.

पायाला मात्र या धंद्याने वळण लावलं ते कायमचं. दाताच्या डॉक्टरने ड्रिल जवळ आणलं की ताईचा पाय खुर्चीच्या पायपट्टीवर दणकन बसतो. लिफ्ट आपल्या मजल्याशी आली की ती ब्रेक मारते, आणि लिफ्ट थांबते, त्यामुळे सवय सुटायला काही कारणही उरत नाही. तिचा नवरा घरोघरी पाण्याचे मीटर वाचत फिरतो. झोपेत खाल्लेल्या लाथांबद्दल तो तक्रार करत नाही. "माझा कुठलातरी अपघात टळला असेल," म्हणतो आणि कूस बदलतो.

अशा या ताईला एकदा एका अनोळखी माणसाचा फोन आला. तो राहत होता दुसऱ्या शहरात आणि त्याची आई इथे, एकटी. आईचं वय ऐंशीच्या पुढे, गाडी जुनी आणि लांबलचक, आणि आई ती रोज चालवत होती.

"सांगून सांगून आमची तोंडं दुखली," तो म्हणाला. "आता ती म्हणते, एखादी शिकवणारी बाई शेजारी बसू दे. ती बाई नको म्हणाली तर मी चावी ठेवून देईन, असं तिचं म्हणणं. ताई, तुम्ही फक्त खरं काय ते सांगा."

फक्त खरं सांगायचं. ताईला वाटलं, यात काय मोठंसं.

ती आई म्हणजे कॅप्टनबाई. गावाबाहेर उंच कुंपणाआड एक खाजगी गोल्फ क्लब होता. त्याच्या बायकांच्या संघाच्या त्या कोणे एके काळी कॅप्टन होत्या. पुढे पद गेलं, संघातल्या बायकाही एकेक करून गेल्या, नाव राहिलं. अंगाने शिडशिडीत, ताठ, पांढरे आखूड केस, आणि बोलणं असं की समोरच्याने न सांगता शर्ट खोचावा. शिकवणीच्या गाडीत बसल्याबसल्या त्यांनी ताईला विचारलं, "तुझं लायसन्स आहे ना? दाखव बघू."

ताईला त्या तिथेच आवडल्या, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला.

दोघी चारेक वेळा फिरल्या. कॅप्टनबाईंचा हात सुरेख होता. गिअर टाकलेला कळायचा नाही, वळण असं घ्यायच्या की मांडीवरचं मांजर जागं होऊ नये. फक्त एका बाजूचं त्यांना काही दिसत नव्हतं. मान तिकडे वळायची नाही आणि नजर तिथवर पोचायची नाही. त्या बाजूने सायकलवाला आला, ताईचा पाय पडला. हातगाडी आली, पाय पडला. शाळा सुटून मुलांची रांग रस्ता ओलांडायला उतरली, तेव्हा तर तो असा पडला की घरी जाऊन ताईला पोटरी शेकावी लागली. आणि दर वेळी गाडी थांबली की कॅप्टनबाई खुशीत म्हणत, "ब्रेक छान आहेत हं तुझ्या गाडीचे. नुसतं मनात आणलं की थांबते."

ताईने खरं सांगायला तोंड उघडलं, आणि तोंडातून सवयीने निघालं, "छान. पुढच्या वेळी जरा आधी."

मुलाचे फोन येत राहिले. ताई म्हणायची, अजून एकदा बसते. शेवटी कॅप्टनबाईच म्हणाल्या, "मास्तरीणबाई, आता निकाल लावा. पण त्याआधी गुरुवारी माझ्याबरोबर गोल्फ खेळायचं. शेवटचा होल झाला की मी निकाल ऐकेन. तू म्हणशील तसं."

"लाच आहे ती," घरी नवरा म्हणाला.

"मग काय करू?"

"घे की. मोठ्या लोकांची लाच कशी असते ते तरी कळेल. मी त्या क्लबाचा मीटर वाचतो, पण तो कुंपणाच्या बाहेर आहे. आत इतकं पाणी जातं की मला वाटायचं, आत समुद्र आहे."

"अहो, थट्टा नको. मला त्यांना गाडी नको म्हणून सांगायचंय. मुलगा लांब, मैत्रिणी उरल्या नाहीत. ती गाडी आहे म्हणून तो क्लब आहे. गाडी गेली की राहिलं काय?"

"मग हो म्हण."

ताईच्या डोळ्यांपुढे ती शाळेतल्या मुलांची रांग आली. तिने नवऱ्याच्या ताटात नको असताना आणखी भाजी वाढली.

गुरुवारी नवऱ्याने तिला स्कूटरवरून क्लबाच्या फाटकाशी सोडलं. पहारेकऱ्याने स्कूटरकडे असं पाहिलं, जसं आपण जेवणात निघालेल्या खड्याकडे पाहतो. आत पार्किंगमध्ये कॅप्टनबाईंची लांबलचक गाडी दोन गाड्यांची जागा अडवून तिरकी उभी होती, आणि त्याबद्दल कोणीच काही बोलत नव्हतं.

दारावर कोट घातलेला एक माणूस उभा होता. त्याने ताईची तपासणी केली. कॉलर पास, पँट पास, बूट नापास. तिला खिळ्यांच्या तळव्याचे उसने बूट मिळाले आणि मोबाइल एका लाकडी खणात गेला.

"वाजला तर?" ताईने विचारलं.

"इथे नाही वाजणार, मॅडम," तो म्हणाला. "त्यालाही कळतं."

गालिचा असा की आपण चालतोय की बुडतोय ते समजेना. लोक इतकं हळू बोलत होते की ताईला वाटलं, आतल्या खोलीत कोणी आजारी आहे. त्या सगळ्या कुजबुजीत कॅप्टनबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "आलीस? चल, ऊन चढतंय."

त्यांच्याबरोबर बॅग वाहणारे एक वयस्कर गृहस्थ होते. सगळे त्यांना कॅडीकाका म्हणत. दोघी बॅटरीच्या बग्गीत बसल्या, स्टिअरिंगचं चाक कॅप्टनबाईंच्या हाती, काका मागच्या पायरीवर उभे. बग्गीला ब्रेक एकच होता. ताईने बसल्याबसल्या आपल्या पायाशी चाचपून पाहिलं. नुसती फळी.

पहिल्या होलपाशी काकांनी लाकडी खुंटी मातीत खोचली, तिच्यावर चेंडू ठेवला आणि ताईच्या हाती स्टिक दिली. ताईने स्टिक धरली, मग मागे पाहिलं, एका खांद्यावरून पाहिलं, दुसऱ्या खांद्यावरून पाहिलं, आणि जिथे आरसा असायला हवा होता त्या हवेतही पाहिलं.

"मॅडम, कोणी येत नाहीये," काका म्हणाले.

"खात्री केलेली बरी."

तिने स्टिक फिरवली. चेंडू जागचा हलला नाही. पुन्हा फिरवली.

"वारा छान लागतोय," कॅप्टनबाई म्हणाल्या. "चालू दे."

तिसऱ्या वेळी चेंडू उडाला आणि काटकोनात वळून झुडपात शिरला. ताईने त्याला शिस्तीत हात दाखवून वळण्याचा इशारा केला, पण जरा उशिरा.

कमीत कमी फटक्यांत चेंडू होलमध्ये घालायचा हा खेळ काही तिला जमला नाही, नियम मात्र भयंकर आवडले. दुसरा मारत असताना आपण हलायचं नाही. मागचे लोक खोळंबले तर त्यांना पुढे सोडायचं. आणि होलवरच्या झेंड्यापासून ज्याचा चेंडू सर्वांत लांब, त्याने आधी मारायचं.

"म्हणजे जो सगळ्यांत मागे, त्याला पहिला मान?" तिने विचारलं.

"हो. त्यात काय?"

"काही नाही. आमच्या चौकात लावून बघायला हवं."

या नियमाने दर वेळी पहिला मान ताईलाच मिळत होता, हा भाग वेगळा.

दुसऱ्या होलकडे जाताना झाडीतून शीळ आली. दोन लांब, एक आखूड. कॅप्टनबाईंनी भुवया उंचावल्या.

"ऐकलंस? हा माझा पक्षी. कितीतरी वर्षं ऐकतेय. दिसत नाही मेला कधी. दुर्बीण आणून झाली, पुस्तकं चाळून झाली. बाकीच्यांना विचारलं तर म्हणतात, आमचं लक्ष नव्हतं. लक्ष कसलं, कान लागतो त्याला. काय हो काका?"

"कान लागतो, बाई," काका म्हणाले आणि ढगाकडे बघू लागले.

ताईची नजर धंद्याने तयार झालेली. शीळ वाजली की पुढे काय होतं ते तिला दिसू लागलं. गवत कापणारा यंत्र घेऊन झाडामागे जायचा. झारी घेतलेली बाई उंचवट्यावर चढायची. शेजारच्या मैदानावर पिवळे स्वेटर घातलेले दोन सभासद होते. ते एकाएकी एका झाडाच्या बुंध्याची वाखाणणी करू लागले आणि बग्गी जाईपर्यंत करत राहिले.

चौथ्या होलपाशी शीळ वाजलीच नाही. त्या बाजूला, हो, त्याच बाजूला, वाळूच्या खड्ड्याच्या काठावर एक माळी वाकून दाताळ्याने वाळू सारखी करत होता. कॅप्टनबाई मजेत गाणं गुणगुणत सरळ त्याच्यावर निघाल्या. ताईचा पाय फळीवर दणादण आपटला. मग तिने दोन्ही हातांनी चाक ओढलं. बग्गी खड्ड्याच्या कडेला चढून थांबली, आणि माळी पोहायला उडी मारावी तसा वाळूत आडवा झाला.

"हे काय, माझं चाक का ओढलंस?" कॅप्टनबाई म्हणाल्या. आणि मग खाली पाहून, "आणि हा वाळूत कशाला झोपलाय?"

"काही नाही, बाई," माळी तोंडातली वाळू थुंकत म्हणाला. "जरा पाठ टेकली."

कॅप्टनबाई मान हलवत आपला चेंडू शोधायला गेल्या. ताई खाली उतरली आणि माळ्याची पाठ झटकू लागली.

"लागलं का?"

"नाही हो. सवय आहे. आज ज्याची पाळी होती तो चहाला गेला वाटतं."

"कसली पाळी?"

माळ्याने काकांकडे पाहिलं. काकांनी बॅग खाली ठेवली.

"शिळेची," ते म्हणाले. "बाईंना त्या बाजूचं दिसेनासं झालं तेव्हापासून. कमिटीत सगळ्यांना ठाऊक होतं, पण बाईंना सांगायचं कोणी यावर कमिटीचं एकमत होईना. म्हणून आम्ही शीळ ठरवली. बाई निघाल्या की वाजवायची, म्हणजे ज्याने त्याने बाजूला व्हायचं."

"आणि सभासद?"

"त्यांनाही येते की. नवा सभासद झाला की आधी शीळ शिकवतात. प्रेसिडेंटसाहेबांची जरा बेसूर आहे, म्हणून त्यांना आम्ही वाजवू देत नाही." काकांचा आवाज उतरला. "मॅडम, पक्ष्याचं बाईंना बोलू नका. फार जीव आहे त्यांचा त्याच्यावर."

ताईला हसू आलं आणि ओसरलंही. अख्खा क्लब, प्रेसिडेंटपासून माळ्यापर्यंत, शेजारच्या सीटवर बसून ब्रेक दाबत होता, आणि तिच्याइतकाच अलगद. फाटकाबाहेर मात्र शीळ घालायला कोणी नव्हतं. तिथे फक्त तिचा पाय होता, आणि तोही फीचे तास संपेपर्यंत.

झुडपातून कॅप्टनबाईंचा आवाज आला. "माझा एक फटका वाढव गं कार्डावर."

"का? मारलात कुठे?"

"फांदी बाजूला करताना चेंडू हलला. हलला की एक फटका दंड."

"आम्ही कोणी पाहिलं नाही."

"मी पाहिलं ना," कॅप्टनबाई म्हणाल्या, जसं काही पावसात छत्री उघडण्याबद्दल बोलत होत्या.

ताईने फटका लिहिला. पेन्सिल खिशात ठेवली. मग म्हणाली, "कॅप्टनबाई, शेवटच्या होलपर्यंत मी थांबत नाही. गाडी आता नको."

काका बॅगेच्या मागे गेले. कॅप्टनबाई स्टिकवर दोन्ही हात टेकून उभ्या राहिल्या.

"कारण?"

"तुम्हाला एका बाजूचं दिसत नाही."

"थोडं कमी दिसतं. म्हणून काय झालं? या मैदानावर इतकी वर्षं मी चाक धरतेय. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. विचार यांना."

काकांनी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला घेतली. उत्तर ताईच्या जिभेच्या टोकावर होतं. दोन लांब, एक आखूड. तिने काकांच्या वाकलेल्या पाठीकडे पाहिलं आणि ते गिळलं. दुसरं एक उत्तर होतं, ते मात्र तिचं स्वतःचं होतं.

"मैदानाचं राहू द्या," ती म्हणाली. "माझं सांगते. शिकवणीच्या गाडीत माझ्या पायाशी एक ब्रेक आहे. तो सायकलवाला आला होता, तेव्हा गाडी तुम्ही थांबवली नाहीत. मी थांबवली."



"हातगाडी?" कॅप्टनबाईंनी विचारलं.

"मीच."

"आणि ती मुलं?"

"तीही मीच."

"मी तुला म्हटलं होतं, किती गोड मुलं आहेत." त्यांनी स्टिकच्या टोकाने गवताचं एक पातं उगाच सरळ केलं. "ती मला गाडी थांबल्यावर दिसली."

"हो."

"आणि तू वर 'छान' म्हणालीस."

"म्हणाले. ते चुकलं माझं."

"चुकलंच," कॅप्टनबाई म्हणाल्या. "दोन फटके दंड. तुझ्या नावावर. लिही."

ताईने मुकाट्याने लिहिले. तिचा आकडा तसाही कार्डाच्या चौकटीत मावत नव्हता.

पुढचा सगळा खेळ कॅप्टनबाईंनी पायी चालत केला. बग्गी ताईच्या हाती आली, आणि ती वरातीच्या चालीने त्यांच्या मागून निघाली. चहा संपवून आलेल्या माणसाला यातलं काही माहीत नव्हतं. त्याने बग्गी पाहून इमानाने शीळ घातली. कॅप्टनबाई थबकल्या, मान वर करून झाडं न्याहाळू लागल्या, आणि काकांनी सुटकेचा श्वास सोडला. ताईशी मात्र दोन होल त्यांनी अक्षरही काढलं नाही. चेंडू तेवढे एकापेक्षा एक मारले, रागाच्या भरात माणूस घर आवरतो तसे, आणि शेवटच्या होलवर ताईला इतक्या मोठ्या फरकाने हरवलं की काकांनी बेरीज करायचं टाळलं.

"हात मिळव," कॅप्टनबाई म्हणाल्या. "खेळ संपल्यावर हात मिळवतात. राग असला तरी."

ताईने उसने बूट परत केले, खणातून मोबाइल घेतला आणि पार्किंगमध्ये आली, तेव्हा कॅप्टनबाई आपल्या गाडीत चाकामागे बसलेल्या होत्या. चावी लावलेली होती. खिडकीची काच खाली होती. ताई बाहेरच उभी राहिली. एरवी तिने शेजारचं दार उघडलं असतं, बसली असती, पट्टा लावला असता. आज तिने दाराला हात लावला नाही.

"आमचे हे होते तोवर मला या जागेवर बसू देत नसत," कॅप्टनबाई समोर बघत म्हणाल्या. "ते गेल्यावर शिकले. साठी उलटली होती. लोक म्हणाले, या वयात? शिकवणारा घाबरट होता, सारखा ओरडायचा. तू तेव्हा असतीस तर बरं झालं असतं."

"मी तेव्हा स्वतःच शिकत होते."

"चांगली शिकलीस."

ताईच्या हातातला फोन वाजला. कॅप्टनबाईंनी खिडकीतून हात बाहेर काढला. "दे. त्याचाच असणार."

"मीच बोलतेय," त्या फोनवर म्हणाल्या. "झाला निकाल. नापास. अरे, हसतोस काय? रडतोयस? बरं, रडू नकोस, मी रडत नाहीये... नाही, गाडी विकायची नाही. गाडी माझी आहे. गुरुवारी क्लबात येणारच आहे मी, कशी येणार ते बघते. ठेव आता, इथे फोनवर बोलायला बंदी आहे."

त्यांनी फोन परत दिला. मग दार उघडून उतरल्या. गाडीच्या टपावरून हात फिरवत, तिचा आधार घेत, पुढून वळसा घालून पलीकडे गेल्या आणि शेजारच्या सीटवर बसल्या. पट्टा ओढला. तो बराच वेळ अडकेना. ताईने मदत केली नाही, आणि हेही त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण अडकल्यावर त्या म्हणाल्या, "चल, बस. किती वेळ उन्हात उभी राहणार आहेस?"

ताई चाकामागे बसली. सीट पुढे ओढली, आरसे फिरवले. गाडी मागून लांब होती, पुढून लांब होती, आणि तिरकी होती.

"गुरुवारी तुझा क्लास कितीला सुटतो?"

"कॅप्टनबाई, मी अजून हो म्हटलेलं नाही."

"मी कुठे विचारलंय? क्लास कितीला सुटतो एवढंच विचारलं."

"दहाला."

"म्हणजे उन्हात खेळायचं आलं. टोपी घेऊन ये. आणि तुझ्या नवऱ्याला सांग, आत समुद्र नाही, तळं आहे. तूच मला सांगितलंस तो काय म्हणाला ते. एकदा दाखव आणून त्याला."

ताईने सावकाश गाडी मागे घ्यायला सुरुवात केली.

"त्या बाजूला बघितलंस?" कॅप्टनबाईंनी विचारलं.

"बघितलं."

"काय आहे?"

"मोकळं आहे."

"नुसतं मोकळं नको सांगू. मला दिसत नाही तिकडचं. नीट सांग, काय काय आहे ते."

ताईने गाडी फाटकाच्या दिशेला लावली. "आपला माळी चाललाय," ती म्हणाली. "केसांत अजून वाळू आहे त्याच्या. त्याच्यामागे एक पांढरं कुत्रं, कान खाली पडलेले. पिवळे स्वेटरवाले दोघं भांडतायत, एकाने कार्ड दुसऱ्याच्या नाकापुढे धरलंय."

"आकड्यावरून भांडत असतील. तो जाडा फटके चोरतो. पुढे?"

"पुढे फाटक. पहारेकरी उठून उभा राहिलाय. सलाम करतोय तुम्हाला."

"त्या बाजूने?"

"त्याच बाजूने."

"हे मला ठाऊकच नव्हतं," कॅप्टनबाई म्हणाल्या, आणि न दिसणाऱ्या पहारेकऱ्याला त्यांनी हात वर करून सलाम केला. "मग? आता काय?"

"आता रस्ता लागला," ताई म्हणाली. "एक बाई छत्री घेऊन उभी आहे. तिला आधी जाऊ देऊ."